इंजिन उघडण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहाटे पाचच्या सुमाराला आमच्या गल्लीतून दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल जाते. आयटीआयमध्ये मी बरीच वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला, त्यामुळे कानांना एक खोड लागलेली आहे. गाडी दिसण्याआधी मला ती ऐकू येते आणि ऐकली की तिची तब्येत कळते. २०२३ सालच्या दिवाळीनंतर या गाडीचा आवाज बदलला. चढावर येताना तिला धाप लागायची आणि मागे निळसर धुराची एक रेघ राहायची.

गाडी २००९ सालची स्प्लेंडर. तिचा मालक दूध गोळा करून संघाला घालतो. एका रविवारी तो माझ्याकडे आला नि म्हणाला, "सर, फुल इंजिन सांगितलंय."

ज्यांना गॅरेजची भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हाफ इंजिन म्हणजे वरचं काम. त्यात हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा आल्या. फुल इंजिन म्हणजे त्याखालचा डबाही फोडायचा आणि क्रँक, बेअरिंगं, गिअर सगळं बाहेर काढायचं. दोन्हींच्या खर्चात फार मोठा फरक पडतो. त्याला तिसराही एक सल्ला मिळाला होता. भंगारातून एक तयार इंजिन आणायचं, जुनं काढून तेच बसवायचं, की दोन तासांत गाडी रस्त्यावर. दोन्हीपैकी काहीही करायचं तर संघाकडून उचल घ्यावी लागणार होती, आणि उचल म्हटली की पुढचे कित्येक महिने दुधाच्या बिलातून कपात.

मी विचारलं, "उघडून बघितलं का कुणी?"

"नाही. धूर बघूनच सांगितलं."

माझा सगळा आक्षेप इथेच आहे. धूर हे लक्षण झालं. ताप बघून कुणी पोट फाडत नाही.

हे इंजिन आहे तरी केवढं? बोअर, म्हणजे ज्या नळीत पिस्टन फिरतो तिचा व्यास, ५० मिलिमीटर. पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. शाळेतलं सूत्र लावलं की ९७.२ घन सेंटिमीटर येतात. हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ मध्ये आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांत दूध, भाजी, टपाल, पाहुणे हे सारं याच ९७ सीसीवर हललं. दोन्ही कंपन्यांची भागीदारी मोडून आता बरीच वर्षं झाली, पण इंजिनाची ठेवण तीच राहिली. सिलिंडर उभा नसून पुढच्या चाकाकडे तोंड करून जवळजवळ आडवा झोपलेला असतो. १९५८ साली निघालेल्या होंडाच्या सुपर कबपासून चालत आलेली ही पद्धत आहे. आपल्याला तिचा फायदा असा की हेड आणि ब्लॉक काढण्यासाठी इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावायची, समोर पाट टाकून बसायचं, काम हाताशी येतं.

पण पाना हातात घेण्याआधी बाहेरून जेवढं कळतं तेवढं कळून घ्यावं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, एवढंच. ते दोन वाटांनी आत येतं. एक, वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालं की. दोन, खालून, रिंगा झिजल्या की. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच भपकन धूर येऊन थांबत असेल, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळल्यावर येत असेल, तर संशय सीलवर घ्यावा. ओझं घेऊन चढ चढताना सतत येत असेल तर रिंगांवर. आमच्या दूधवाल्याची गाडी दुसऱ्या प्रकारची.

मग कॉम्प्रेशन बघितलं. स्पार्क प्लग काढून त्या भोकात गेज बसवायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारायच्या. काटा सातावर थांबला. त्यानंतर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि पुन्हा किक मारल्या. काटा दहापर्यंत गेला. तेलानं रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवल्या म्हणून दाब वाढला. व्हॉल्व्ह गळत असते तर तेलानं काही फरक पडला नसता. आडव्या सिलिंडरमध्ये एक गोम आहे. तेल खालच्या बाजूला साचून राहतं, म्हणून आधी दोनचार हलक्या किक मारून ते सगळीकडे फिरवावं आणि मग मोजावं. नाहीतर परीक्षा फसते.

म्हणजे हाफ इंजिन नक्की. फुल इंजिन लागेल का, हे मात्र ब्लॉक काढल्याशिवाय कळणार नव्हतं. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. "उघडल्यावर खालचंही गेलेलं निघालं, तर आपण तिथेच हात आखडता घ्यायचा. ते काम घरी होत नाही." तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बघा उघडून."

तयार इंजिनाचा विषय मी आधी निकालात काढला. गाडीचा इंजिन नंबर खालच्या डब्यावर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. हेड, ब्लॉक, पिस्टन बदलले तरी नंबर बदलत नाही. सबंध इंजिन बदललं की बदलतो, आणि मग आरटीओची परवानगी घेऊन नवा नंबर बुकात चढवून घ्यावा लागतो. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. भंगारातल्या इंजिनाची पावती नसेल तर ते कुठल्या गाडीतून निघालं हे कोण सांगणार? चोरीच्या गाडीतलं निघालं तर दूध राहिलं बाजूला, पोलीस चौकीच्या खेपा सुरू. त्यात २००९ ची गाडी. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०२४ मध्ये ती आरटीओपुढे तपासणीला न्यायचीच होती. तिथे इंजिन नंबर ताडून बघतात. ज्याच्याजवळ पक्की पावती आहे आणि कागद करायची तयारी आहे त्यानं खुशाल इंजिन बदलावं. दोन तासांच्या सोयीसाठी मात्र नको.

काम सुरू करताना मी पाट, फडकी, डिझेलची परात आणि वही एवढं मांडलं. वही कशाला, असं त्यानं विचारलं. इंजिन खोलणं सोपं असतं. जोडताना आठवत नाही. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड, कुठल्या नटाखाली तांब्याचं वायसर होतं, हे तेव्हाच लिहून ठेवावं. एका पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढून त्याच जागी भोकं पाडून बोल्ट खोचून ठेवले तर आणखी चांगलं. आजकाल मोबाइलवर फोटो काढतात, तेही उत्तम. धुवायला पेट्रोल वापरू नये. घरात चूल असते, देवापुढे दिवा असतो, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. डिझेल पुरतं.

आधी तेल काढलं. एक लिटरच्या आतबाहेर तेल मावणाऱ्या या इंजिनातून पाव लिटरही निघालं नाही. रिंगा तेल जाळत होत्या आणि पातळी बघायला कुणी काडी काढलीच नव्हती. तेल कमी पडलं की पहिला फटका सगळ्यात लांबच्या जागेला बसतो, म्हणजे वर हेडमधल्या कॅमला नि रॉकरला. हेडचं कव्हर उघडताना माझं लक्ष तिकडेच होतं. कॅम काळवंडला होता, पण त्यावर खड्डे नव्हते. आणखी महिनाभर अशीच चालली असती तर खर्चाचं गणित बदललं असतं.

डावं कव्हर काढलं की मॅग्नेट दिसतं. त्याच्यावर 'टी' ही खूण असते. मॅग्नेटचा नट पान्यानं हळूहळू फिरवून ही खूण डब्यावरच्या खुणेसमोर आणायची. त्याच वेळी वर टायमिंग चेनच्या चाकावरची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर येते. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि वहीत काढल्याशिवाय चेन सुटी करायची नाही. सुटी केली की तिला तारेनं बांधून ठेवायचं, नाहीतर ती आत घसरते. हेडचे नट एकदम एकेक न काढता आडव्यातिडव्या क्रमानं थोडे थोडे सैल करावेत. सरसकट सोडले तर हेड वाकण्याचा धोका असतो.

हेड निघालं, मागोमाग ब्लॉक सरकवून काढला आणि पिस्टन उघडा पडला. फुल की हाफ याचा निकाल आता लागायचा होता. पिस्टनच्या खालचा कनेक्टिंग रॉड हातात धरला. तो डावीउजवीकडे किंचित हलतोच, ते हलणं त्याला दिलेलंच असतं. नवशिक्या मेकॅनिक तेवढ्यावर क्रँक गेला म्हणून सांगतो. खरी परीक्षा त्याच्या लांबीच्या दिशेनं ओढून आणि ढकलून करायची. तिथे जराही खटखट लागली तर रॉडच्या तळाचं बेअरिंग गेलं. या इंजिनाचा क्रँक दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असतो. तो हायड्रॉलिक प्रेसवर सुटा करून पुन्हा बसवावा लागतो आणि त्यानंतर सरळ आहे की नाही हे डायल गेजवर बघावं लागतं. घरी हातोड्यानं तो प्रयोग करणारे मी पाहिले आहेत, पुढचं सांगत नाही.

मी ओढलं, ढकललं, क्रँक थोडा फिरवून पुन्हा ओढलं. मग दूधवाल्याच्या हातात दिलं. "काही लागतंय?" तो म्हणाला, "नाही." मलाही नाही. फुल इंजिनाची गरज नव्हती.

पुढचं काम मोजण्याचं, आणि मला त्यात सगळ्यात जास्त गोडी आहे. बोअर किती झिजला हे बोअर गेजनं कळतं, पण ते यंत्र घरोघरी नसतं. एक नवी रिंग आणि शंभरएक रुपयांचं फीलर गेज असलं तरी भागतं. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. हेडकडच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, तिथेच स्फोटाचा दाब नि उष्णता सर्वांत जास्त असते आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. म्हणून तिथे झीज अधिक. उलट डब्याकडच्या अगदी तळाच्या भागात रिंगा पोचतच नाहीत, तिथला बोअर जवळजवळ नवा राहतो. आता नवी रिंग तळाच्या भागात ठेवायची, पिस्टनच्या सपाट माथ्यानं ढकलून सरळ करायची, आणि तिच्या दोन टोकांतली फट मोजायची. नंतर तीच रिंग झिजलेल्या भागात आणून पुन्हा फट मोजायची. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो, आणि वाढलेला परीघ रिंगेच्या फटीत दिसतो. आमच्या मापात तळाला फट ०.२० मिलिमीटर आली आणि वर ०.५५. फरक ०.३५. त्याला ३.१४ नं भागलं की ०.११. म्हणजे बोअर मिलिमीटरच्या एक दशांशाहून थोडा अधिक पसरला होता. आपल्या डोक्याचा जाडसा केस असतो साधारण तेवढा.

एका केसानं काय होतं, असं वाटेल. मिनिटाला साडेचार हजार फेरे म्हणजे पिस्टन सेकंदाला पंचाहत्तर वेळा जाऊन येतो. दरवेळी त्या केसाएवढ्या जागेतून थोडं तेल वर जातं नि थोडा वायू खाली येतो. चढ आला की दोन्ही वाढतात.

एवढ्या झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून चालत नाही. बरेच लोक तेच करतात. पैसे वाचतात, धूर थोडे दिवस कमी होतो आणि पुन्हा येतो, कारण गोल रिंग वाकड्या झालेल्या नळीला सगळीकडून टेकत नाही. दोन रस्ते उरतात. नवं ब्लॉक-पिस्टन किट घ्यायचं, नाहीतर जुन्याच ब्लॉकला बोअर मारून त्यात ०.२५ मिलिमीटरनं मोठा पिस्टन बसवायचा. तालुक्याला बोरिंगचं काम करणारा एक जुना माणूस आहे, म्हणून आम्ही दुसरा रस्ता धरला. तसा माणूस जवळ नसेल तर चांगल्या कंपनीचं किट घ्यावं, त्यात कमीपणा नाही. बोरिंगवाल्याकडे ब्लॉकबरोबर नवा पिस्टनही न्यायचा, हे विसरू नका. तो पिस्टन मोजून त्याला लागेल तेवढीच जागा ठेवतो. आधी बोअर मारून मग बाजारातून पिस्टन आणला की घट्ट तरी होतो नाहीतर सैल तरी. शेवटी तो आतून होनिंग करतो. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उमटतात, त्यांत तेल धरून राहतं आणि रिंगा बसायला मदत होते. रेघा नको म्हणून आतून आरशासारखी चकाकी मागणारी गिऱ्हाइकं असतात, असं त्यानंच मला हसत सांगितलं.

ब्लॉक तिकडे असताना इकडे हेड साफ केलं. काजळी बांबूच्या चोयट्यानं खरवडावी, स्क्रू ड्रायव्हरनं नाही. ॲल्युमिनियमवर चरा पडतो. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, सील नवी घातली, मग हेड उलटं धरून पोर्टमध्ये डिझेल ओतलं आणि चहा पिऊन येईपर्यंत ठेवलं. व्हॉल्व्हच्या कडेनं ओल आली नाही.

मधले दोन दिवस दूध त्याच्या मेव्हण्याच्या गाडीवरून गेलं. तिसऱ्या दिवशी जोडणीला बसलो, आणि चूक झाली ती माझ्याकडून. पिस्टन रॉडला गजन पिननं जोडतात आणि पिन बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना तारेची बारीक सर्क्लिप असते. ती बसवताना खालच्या डब्याच्या तोंडात फडकं कोंबून ठेवायचं, हे मी शेकडो पोरांना सांगितलं असेल. जुनं पॅकिंग खरवडताना ते फडकं मी बाजूला काढलं आणि परत कोंबायला विसरलो. चिमट्यातून सर्क्लिप उडाली. ती जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. दूधवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. ती तार आत राहिली तर एखाद्या गिअरमध्ये अडकून, ज्या फुल इंजिनातून आम्ही सुटलो होतो तेच पुढ्यात येणार. टॉर्च धरून, तारेच्या टोकाला चुंबक बांधून, अर्धा तास चाचपडल्यावर ती क्रँकच्या मागे सापडली. सापडलेलीही पुन्हा वापरली नाही. सर्क्लिप एकदा काढली की टाकून द्यायची, नवी घालायची.

बाकी जोडणी सरळ झाली. पिस्टनवर 'आयएन' लिहिलेली बाजू कार्ब्युरेटरकडे. रिंगांवरच्या अक्षरांचं तोंड पिस्टनच्या माथ्याकडे. त्यांच्या फटी एका रेषेत न आणता एकमेकींपासून लांब. 'टी'ची खूण आणि गोल खूण पुन्हा जुळवली, आणि किक मारण्याआधी मॅग्नेटचा नट पान्यानं दोन पूर्ण फेरे हातानं फिरवला. चेनचा एक दात जरी चुकला असेल तर अडखळ इथे हाताला कळते. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०५ मिलिमीटर ठेवली. नव्या गाड्यांना आकडा वेगळा असू शकतो, तो मॅन्युअलमध्ये बघावा. २०२० नंतरच्या स्प्लेंडरला कार्ब्युरेटरही नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. वरची ठेवण ओळखीची असली तरी तिथले सेन्सर नि वायरी ज्याला कळतात त्यानंच त्यात हात घालावा.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. सुरुवातीला धूर आला, तो जोडताना लावलेल्या तेलाचा. पाच मिनिटांत विरला.

आता मुळाशी येतो. चौदा वर्षांत इंजिन झिजणारच, पण या गाडीला झटका बसला तो शेवटच्या वर्षात. एअर फिल्टर उघडला तर आतला कागद एका कोपऱ्यात फाटलेला. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे धुळीचा लोट असतो, आणि ही गाडी रोज त्या लोटातून जात होती. धूळ आणि तेल मिळून जी लापशी होते ती म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्टच. तीच बोअर घासत होती. फिल्टर नवा घातल्याशिवाय मी त्याला गाडी नेऊ दिली नाही.

पहिले काही दिवस किटल्या अर्ध्याच भरायच्या, गाडी ताणायची नाही, पण एकाच संथ वेगानंही रेमटवत बसायचं नाही, असं सांगितलं होतं. वेग कमीजास्त होत राहिला की रिंगा बोअरला बसतात. पाचशे किलोमीटरला तेल बदललं. परातीत बारीक चंदेरी कण चमकले. ते अपेक्षितच होते. पुढच्या बदलाला तेल काळं निघालं, पण कण नव्हते. गाडी नोंदणीच्या तपासणीला गेली, बुकातला नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच निघाला. आता दर रविवारी तो गाडी मेन स्टँडवर लावून तेलाची काडी काढतो, पुसतो, आट्यात न पिळता नुसती टेकवतो नि बघतो. पिळून बघितली तर पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते. पहिल्या खेपेला त्यानं तसंच बघितलं होतं.